४२९ : एक रसग्रहण

चिरंजीवांनी परवा एप्रिल २०१२ चा आरएफसी ६५८५ वाचायला दिला. त्याचा नायक ४२९. म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला ‘फार विनंत्या झाल्या, पुरे’ म्हणणे. भाषा आटोपशीर, आमच्या सर्क्युलरवाल्यांनी शिकावी. परत कधी यायचे ते सांगायची मुभा आहे. सक्ती नव्हे हं, मुभा! आमचा ‘जेवणाची सुट्टी’ बोर्ड आठवला.

पण मोजायचे कसे, माणूस ओळखायचा कसा, हे आम्ही ठरवत नाही, असे सांगून लेखक मोकळे! इथे माझे भांडण. अख्ख्या संस्थेला एकच मर्यादा घातली, की एका विभागाने अकरापर्यंत कोटा फस्त करायचा आणि बाराला आलेल्याने ४२९ ऐकायचे. चार भावांच्या एका कॅश क्रेडिट खात्यात धाकट्याचाच चेक परत जातो, तसे. त्या धाकट्याचे तोंड काउंटरवर मला बघावे लागते.