दालन बंद झाल्यानंतरचा ‘प्रयोग’

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द निदान तीन अर्थांनी रूढ आहे. नाटकाचा प्रयोग होतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासूनच्या आपल्या रंगभूमीचा सारा व्यवहार या अर्थाभोवती फिरत आला आहे. प्रयोगशाळेत प्रयोग होतो. तेथे निष्पत्ती आधी ठाऊक नसते. आणि व्याकरणात कर्तरी, कर्मणी व भावे असे प्रयोग असतात. तेथे क्रियापद कोणाच्या अनुरोधाने चालते, हा प्रश्न असतो. ‘प्रायोगिक’ हे विशेषण आपण योजतो तेव्हा मात्र यांतील दुसराच अर्थ मनात असतो. कलादालनांत, दालनाची नेहमीची वेळ संपल्यावर, प्रायोगिक संगीताच्या आणि कृतिरूप आविष्काराच्या ज्या संध्याकाळी होतात, त्यांच्या गुणदोषांचे मूळ या अर्थसंकोचात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अशा संध्याकाळचा साधारण आराखडा ठरून गेला आहे. सातच्या सुमारास चित्रे पाहणारे निघून जातात. दिवे मंद होतात. चित्रे भिंतींवर तशीच राहतात. खुर्च्या बहुधा नसतात. एखादा कलावंत पत्र्याला किंवा तारेला लहान ध्वनिग्राहक चिकटवून त्यातून निघणारा नाद संगणकाच्या साहाय्याने ताणतो, चिरतो, पुन्हापुन्हा फिरवितो. कोणी श्रोत्यांमधून अतिशय सावकाश चालत जातो. आरंभ केव्हा झाला हे कळत नाही, आणि शेवट झाला हे टाळ्या वाजविणाऱ्या पहिल्या धीट माणसावरून कळते.

या मांडणीत एक खरे सामर्थ्य आहे. नाट्यगृहात प्रेक्षकाचे शरीर खुर्चीला बांधलेले असते. दालनात ते चालते. चित्राजवळ जावे, दूर व्हावे, ही दालनाने शरीराला लावलेली सवय येथे कानाला लागते. ध्वनी कोपऱ्यात निराळा आणि दाराशी निराळा ऐकू येतो, आणि हा फरक श्रोता स्वतः निर्माण करतो. तथापि याच ठिकाणी एक भ्रमही उत्पन्न होतो. दालनाच्या भिंती सपाट व कठीण, जमीन गुळगुळीत. पडदे, गाद्या यांसारखे ध्वनी शोषणारे काही नाही. म्हणून नाद दीर्घकाळ घुमत राहतो. अशा जागेत द्रुत लय आणि स्पष्ट शब्द परस्परांत मिसळून जातात, आणि संथ, लांबविलेला स्वर आपोआप भारदस्त होतो. पुष्कळदा ज्यास गूढता म्हणून वाखाणले जाते ते केवळ खोलीचे कर्तृत्व असते. कलावंताने काय केले आणि भिंतींनी काय केले, हे निवडून पाहणे समीक्षकाचे पहिले काम होय.

हा प्रकार परका आहे, असा एक आक्षेप आपल्याकडे ऐकू येतो. तो इतिहासाला धरून नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे गीता साराभाई यांनी जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून दिला आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीतरचनेचे शास्त्र समजून घेतले. संगीताच्या प्रयोजनाविषयी त्यांनी सांगितलेला विचार केज यांनी आयुष्यभर जवळ बाळगला. १९६९ मध्ये केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी करून दिली. मुंबईत तर वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या वास्तूत हुसेन व गायतोंडे चित्रे काढीत असत, रविशंकर यांची १९६२ मध्ये स्थापन झालेली ‘किन्नर’ ही संगीतशाळा चाले, आणि १९६० मध्ये निघालेल्या ‘रंगायन’ची नाटके होत. चित्र, नाद आणि नाट्य यांनी एका छपराखाली राहावे ही कल्पना आपल्या शहराला नवी नाही.

मग उणीव कोठे आहे? त्यासाठी शब्दाच्या व्याकरणातील अर्थाकडे वळावे लागेल. ‘शिक्षकाने मुलांस बोलाविले’, ‘बाईंनी मुलींस बोलाविले’: दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच राहते, ते कर्त्याचेही लिंगवचन मानीत नाही, कर्माचेही नाही. हा भावे प्रयोग. केज यांची १९५२ मधील, चार मिनिटे तेहतीस सेकंदांची नीरव रचना मला या प्रकारची वाटते. वादक वाजवीत नाही आणि ठरलेली स्वरावलीही नाही. ‘ऐकले गेले’ एवढेच उरते. मात्र भावे प्रयोगात कर्ता नाहीसा होत नाही, हे विसरता कामा नये. उलट तो ‘ने’ हा प्रत्यय लावून उभा असतो आणि कर्म ‘स’ लावून. क्रियापद तटस्थ झाले म्हणून दोघांवरील खूण पुसली जात नाही. वुडस्टॉक येथे ही रचना प्रथम सादर झाली तेव्हा ट्यूडर यांनी घड्याळ समोर ठेवले होते, आणि तिच्या तिन्ही भागांच्या आरंभी पियानोचे झाकण लावून व अखेरीस उघडून त्या भागांच्या सीमा आखल्या होत्या. शांततेला त्यांनी काटेकोर माप दिले. ‘ने’ची खूण ती हीच.

दालनांतील पुष्कळ संध्याकाळी या खुणेवाचूनच्या असतात. कलावंत म्हणतो, अर्थ श्रोत्याने लावावा. श्रोता म्हणतो, मला कळले नाही, पण वातावरण छान होते. दोघेही जबाबदारी क्रियापदावर ढकलतात. आपण अध्यापक आणि समीक्षकही यात निर्दोष नाही. ‘कळले नाही’ हे वाक्य आपण विनय म्हणून उच्चारतो आणि पळवाट म्हणून वापरतो. काय ऐकले, कोणत्या क्रमाने ऐकले, कोणत्या क्षणी लक्ष उडाले आणि का, इतके तरी सांगणे ज्याला कान आहेत त्याला शक्य असते.

आता पहिल्या अर्थाविषयी. नाटकाचा ‘प्रयोग’ पुन्हा होतो. म्हणूनच आपण त्याचे आकडे मोजतो. पुन्हा होणाऱ्या गोष्टीलाच सुधारता येते आणि तिचीच तुलनात्मक समीक्षा संभवते. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने जी चळवळ चालविली, तीही एका अर्थी वेळेनंतरचीच होती, दिवसा शाळा आणि संध्याकाळी नाटक. सदानंद रेगे यांची ‘गोची’ किंवा बादल सरकार यांचे ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी तेथे केले, ते रूढ नेपथ्याचा आधार सोडून, नटांची शरीरे आणि आवाज यांच्या बळावर. आजच्या दालनातील आविष्कारापेक्षा ते कमी धाडसी नव्हते. पण तेथे नाटके पुन्हा होत, तोच प्रेक्षक पुन्हा येई आणि वाद घाली. दालनातील संध्याकाळ एकदाच होते आणि त्यामुळे समीक्षेच्या हातून निसटते. एकदाच घडणे हा तिचा गुण मानला जातो. मला ती तिची सोय वाटते.

छबिलदासच्या यशाचे आणखी एक साधे कारण होते: दादर स्थानक. पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवरचा उपनगरी प्रेक्षक तेथे कामावरून परतताना उतरू शके. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य चारकोपास आहे. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या भूखंडांवर रहिवाशांनी गृहसंस्था काढून ही वसाहत उभी केली. चर्चगेट येथून कांदिवली सुमारे तीस किलोमीटर, आणि तेथून पुढे रिक्षा. फोर्ट वा कुलाब्यातील दालनात रात्री साडेनऊला संपणारी संध्याकाळ चारकोपच्या विद्यार्थिनीला घरी पोचेपर्यंत अकरा वाजविते. तिच्या घरी याची परवानगी मिळत नाही, हे माझ्या वर्गातील अनुभवाचे बोल आहेत. ‘सर्वांस मुक्त प्रवेश’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असते. त्यातील ‘सर्व’ कोण, हे गाडीचे वेळापत्रक ठरविते.

म्हणून या लेखकाची सूचना माफक आहे. दालनातील संध्याकाळी बंद करू नयेत. त्यांतील ऐकण्याची शिस्त आपल्या विद्यार्थ्यांना हवीच आहे. पण तीच रचना दुसऱ्यांदा, निराळ्या खोलीत, उपनगरातील एखाद्या शाळेच्या वर्गात, बाके बाजूला सारून व्हावी. भिंती बदलल्यावर काय टिकते ते तेथे कळेल. जे टिकेल ते कलावंताचे, जे विरेल ते दालनाचे. आणि आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी दोन्ही वेळा हजर राहून मराठीत, आपल्या शब्दांत, त्याची नोंद करावी. तसे झाले तर ‘प्रयोग’ या शब्दाचे तीनही अर्थ एका ठिकाणी येतील, आणि ‘कळले नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला प्रथमच प्रामाणिकपणे मिळेल.