अनुभव वापरला, पण अर्धाच

४ जून १९९६ रोजी युरोपचा नवा अग्निबाण ‘एरियान-५’ पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या समितीने जुलैमध्ये दिलेला चौकशी अहवाल नेमका आणि सुबोध आहे. मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही तो समजावून देता येईल.

दिशादर्शक संगणकाची आज्ञावली यशस्वी ‘एरियान-४’मधून जवळजवळ तशीच उचलली होती. आडव्या वेगाशी निगडित एक संख्या तीत १६ बिटांत, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच मावे. नव्या बाणाचा आडवा वेग बराच अधिक, त्यामुळे ही मर्यादा ओलांडली गेली. राखीव संगणकातही तीच आज्ञावली असल्याने दोन्ही बंद पडले. गंमत म्हणजे, उड्डाणानंतर हे गणित ‘एरियान-५’ला लागतच नव्हते!

या संख्येला संरक्षण का दिले नाही, याचे कारण आज्ञावलीत नोंदलेले नव्हते. ते कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात झाकले गेले होते. अहवाल हे स्पष्ट सांगतो. मात्र ‘कारणांच्या नोंदी आज्ञावलीइतक्याच काळजीने सांभाळा’ ही शिफारस चौदा शिफारशींच्या यादीत थोडक्यात उरकली आहे. माझ्या मते तिला पहिले स्थान हवे होते. मागील प्रकल्पातून केवळ तयार वस्तू घेतली, तिच्यामागची गृहीतके घेतली नाहीत, तर तो अनुभव ठरत नाही.

आपल्या शाळेतही जुना प्रकल्प नव्या तुकडीला देताना ‘काय केले’ याबरोबरच ‘कोणत्या परिस्थितीत आणि का केले’ हेही वहीत असते का, पाहावे.