हेडफोनमधली खरखर आणि तीन परिपथ

हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरांची, म्हणजे वर्धकांची, तुलना करणारे लेखन पुष्कळ आहे. पण त्यातले बहुतेक वाचून हाती फारसे लागत नाही. एकाचा आवाज ‘उबदार’, दुसऱ्याचा ‘मोकळा’ असे शेरे असतात आणि जोडीला किती मिलिवॅट मिळतात याचा आकडा. ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला किंवा इंग्रजीचे उच्चार ऐकणाऱ्या वर्गाला या दोहोंचा उपयोग नाही. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत काय ऐकू येते. तिथे सतत ‘स्स्स’ किंवा ‘घूं’ चालू असेल तर तासाभरात कान थकतात आणि लक्ष उडते. म्हणून हौशी मंडळींमध्ये प्रसिद्ध असलेले तीन परिपथ आम्ही या एकाच कसोटीवर तपासायचे ठरवले आहे.

आधी थोडे गणित. कानात बसणाऱ्या एखाद्या संवेदनशील इअरफोनचा रोध १६ ओम आणि संवेदनक्षमता १ मिलिवॅटला ११० डेसिबल आहे असे धरू. १६ ओममध्ये १ मिलिवॅट शक्ती जाण्यासाठी सुमारे ०.१२६ व्होल्ट लागतात. आता २० डेसिबल, म्हणजे शांत खोलीतही जेमतेम जाणवेल एवढा आवाज होण्यास किती व्होल्ट लागतील? ९० डेसिबल कमी म्हणजे सुमारे ३१,६०० पटींनी कमी, अर्थात ४ मायक्रोव्होल्ट! शाळेतल्या मल्टिमीटरला एवढे विभवांतर दिसतच नाही. या कामात कान हेच अधिक चांगले उपकरण आहे, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

हे मायक्रोव्होल्ट येतात कुठून? काही तर कोणाचाही दोष नसताना येतात. प्रत्येक रोधकातील इलेक्ट्रॉन तापमानामुळे सैरावैरा हलत असतात व त्यामुळे त्याच्या टोकांमध्ये सूक्ष्म विभवांतर सतत उमटत राहते. जॉन्सन यांनी ते मोजले व नायक्विस्ट यांनी त्याचे सूत्र मांडले. दोघांचेही निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. १० किलोओमचा आवाजाचा नॉब विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना पुढच्या टप्प्याला २.५ किलोओमचा रोध दिसतो. श्राव्य पट्टा २० किलोहर्ट्झ धरला तर त्याची खरखर ०.९ मायक्रोव्होल्ट भरते. एवढीशी खरखर निरुपद्रवी आहे. प्रश्न असा, की पुढे तिला किती पटींनी गुणले जाते?

पहिला परिपथ एलएम-३८६ या आठ पायांच्या चिपचा. स्वस्त, सुटे भाग मोजके, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणारा. छोट्या स्पीकरसाठी तो फारच उपयुक्त आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याचे विवर्धन मुळातच २० पट आहे आणि एक धारित्र जोडले की २०० पट होते. स्पीकरला हे हवे असते. कानाला चिकटलेल्या इअरफोनला त्याच्या दशांशाचीही गरज नसते. शिवाय त्याच्या निर्गमाला धारित्र लावावे लागते. २२० मायक्रोफॅरडचे लावले तर १६ ओमच्या इअरफोनवर ४५ हर्ट्झखालचे सूर दुबळे पडतात. हेडफोनसाठी हा परिपथ सुचवणाऱ्या पुस्तिका विद्यार्थ्यांच्या माथी खरखर मारतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा, चू मॉय यांचा ‘सीमॉय’. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तो प्रसिद्ध झाला आणि पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवण्याच्या प्रथेमुळे जगभर गाजला. यात ओपीए-१३४ च्या घराण्यातला चांगल्या प्रतीचा ऑप-अ‍ॅम्प असतो. शिकवण्यासाठी याच्याइतका पारदर्शक परिपथ क्वचितच सापडेल, कारण प्रत्येक रोधकाचे काम बोट ठेवून दाखवता येते. पण त्याचे मूळ विवर्धन ११ पट आहे व नॉब आहे विवर्धनाच्या आधी. म्हणजे नॉबची ०.९ आणि ऑप-अ‍ॅम्पची स्वतःची सुमारे १.१ मायक्रोव्होल्ट, ही दोन्ही ११ पट होऊन बाहेर पडतात. त्यांची वर्गांच्या बेरजेने गोळाबेरीज केली की सुमारे १६ मायक्रोव्होल्ट होतात आणि आपल्या इअरफोनवर ते ३२ डेसिबलचे ‘स्स्स’ ऐकवतात. मोठ्या, मंद हेडफोनवर हेच १६ मायक्रोव्होल्ट ऐकूही येत नाहीत. तेव्हा ‘सीमॉय खरखरतो’ आणि ‘सीमॉय निःशब्द आहे’ ही दोन्ही विधाने खरी असू शकतात! उपाय अगदी सोपा आहे. अभिप्रायाचे रोधक बदलून विवर्धन २ ते ३ वर आणले की खरखरही त्याच प्रमाणात खाली येते.

तिसरा ‘ओ-टू’, २०११ सालचा. कर्त्याने टोपणनावानेच लिहिले, पण मोजमापे मात्र उघडपणे मांडली, आणि हा त्याचा मोठा गुण आम्ही मानतो. यात नॉब विवर्धनाच्या नंतर आहे. नॉब खाली केला की संगीताबरोबर पहिल्या टप्प्याची खरखरही खाली येते. शेवटचा टप्पा केवळ प्रवाह पुरवतो, त्याचे विवर्धन १ असल्याने नॉबची ०.९ मायक्रोव्होल्टची खरखर तेवढीच राहते. ही जागाबदलाची युक्ती पैशाने मिळत नाही, विचाराने मिळते. तिची किंमतही आहे. येणारा संकेत पूर्ण ताकदीने पहिल्या टप्प्यावर आदळतो. २ व्होल्टचा संकेत ६.५ पट केला तर १३ व्होल्ट होतात. तेवढे देण्याची पुरवठ्याची कुवत नसते आणि नॉब कितीही खाली असला तरी आवाज फाटतो. २.५ पटीच्या स्थितीत ही अडचण येत नाही. तरीही इअरफोनसाठी निवड करायची तर आमचे मत ओ-टूला. वर्गात बांधायला मात्र सीमॉय, कमी विवर्धनाचा.

घरी वा शाळेत यंत्र आवाज करू लागले की पहिला संशय बहुधा चिपवर घेतला जातो. तो थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि नॉब फिरवावा. नॉबबरोबर बदलणारा आवाज नॉबच्या आधी शिरलेला असतो. न बदलणारा नंतर. सीमॉयमध्ये प्रवेशाच्या तारा एकमेकींना जोडून नॉब फिरवला तर ‘स्स्स’ मध्यावर किंचित वाढते व दोन्ही टोकांना कमी होते. रोधकाची खरखर प्रत्यक्ष ऐकण्याचा याहून स्वस्त प्रयोग आम्हाला ठाऊक नाही. फिरवताना ‘कर्र’ झाले तर नॉबमध्ये धूळ तरी आहे किंवा त्यातून एकदिश प्रवाह वाहतो आहे.

‘घूं’ची गोष्ट निराळी. ५० हर्ट्झचा खर्ज आवाज बहुधा उघड्या तारांतून किंवा भूजोडणीच्या वेढ्यातून येतो. १०० हर्ट्झचा, थोडा चरचरीत आवाज अ‍ॅडॉप्टरमधील एकदिशीकरणाचा. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवल्यावर ‘घूं’ थांबले तर वेढा सापडला. यावर अर्थिंगची पिन मोडण्याचा उपाय काही ‘जाणकार’ सांगतात. तो कधीही करू नये. ती पिन मुलांच्या जिवासाठी आहे. सगळी उपकरणे एकाच पट्टीवरून चालवावीत किंवा ध्वनीच्या मार्गात विलगक रोहित्र घालावे.

सीमॉयमध्ये एक खास सापळा आहे. त्याची ‘शून्य’ तार दोन रोधकांनी बॅटरीच्या मधोमध बनवलेली असते. ज्या संगणकातून आवाज घेतला त्याच्याच यूएसबीवरून वीजही घेतली, तर हे मधले टोक पुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडले जाऊन अर्धा पुरवठाच लघुपथित होतो. त्याला वेगळी बॅटरीच द्यावी. आणि थांबून थांबून येणारे ‘टर्र-टर्र’ हे शेजारच्या जीएसएम मोबाइलचे. त्याचे संदेश सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत जातात व लांब तारा ते पकडतात. मोबाइल दूर ठेवला की काम होते.

दोन वर्धकांची तुलना कानाने करायची असेल तर त्यांची पातळी आधी समान करावी लागते, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला ‘चांगला’ वाटतो. त्यासाठी २ व्होल्टची एसी पट्टी असलेला मल्टिमीटर घ्यावा. हेडफोन जोडलेला पण कानापासून दूर ठेवून १०० हर्ट्झचा सूर वाजवावा आणि दोन्हींचे विभवांतर १ टक्क्याच्या आत जुळवावे. नंतर आवाज मूळ यंत्रावरूनच कमी करावा, नॉबला हात लावू नये. कोणता वर्धक जोडला आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता दुसऱ्या विद्यार्थ्याने तारा बदलाव्यात आणि ऐकणाऱ्याने दर वेळी उत्तर कागदावर लिहावे. निदान सोळा वेळा.