इटालियन ‘वेस्टर्न’पट आणि संवादविचार

एका कृतींत दुसऱ्या कृतीची छाया दिसली कीं तिला ‘चोरी’ म्हणून मोकळें व्हावयाचें, नाहीं तर प्रत्येक साम्याला ‘प्रभाव’ असें भारदस्त नांव द्यावयाचें, अशा दोन संवयी चित्रपटविषयक लेखनांत सारख्याच बळावल्या आहेत. इ. स. १९६४ पासून पुढील दहा-बारा वर्षांत इटलीच्या दिग्दर्शकांनीं अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील बंदूकबाजांच्या कथा घेऊन जे चित्रपट काढले, त्यांच्यासंबंधीं तर हा घोटाळा विशेषच आढळतो. या चित्रपटांस उपहासानें ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ हें नांव पडलें. आपल्या भाषेंत शेवयांचे पट म्हणावे! बखरींच्या व पोवाड्यांच्या शाखा लावणाऱ्या त्रैमासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. परंतु कोणीं कोणाचें घेतलें हें ठरविण्याची रीत सर्वत्र एकच आहे, आणि तिला पुरावा लागतो.

या कामीं आमचे मतें सर्वांत उपयोगी कसोटी नवव्या शतकांतील काश्मीरच्या आनंदवर्धनाची. ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतांत त्यानें दोन कृतींतील साम्याला ‘संवाद’ म्हटलें असून त्याचे तीन प्रकार केले आहेत : बिंब-प्रतिबिंबासारखा, वस्तु व तिचें चित्र यांसारखा, आणि सारख्या देहाच्या दोन माणसांसारखा. पहिल्यांत स्वतंत्र आत्मा नाहीं. दुसऱ्यांत आहे तो तुच्छ. तिसऱ्यांत देह सारखा असूनही आत्मा वेगळा, म्हणून कवीनें तो टाकूं नये. ही कसोटी लावली असतां चित्रपटांच्या वादांतील बराचसा धुरळा खालीं बसतो.

प्रथम मूळ प्रकरण. सर्जिओ लिओने (१९२९–१९८९) याचा ‘ए फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ १९६४ सालीं निघाला. श्रेयनामावलींत दिग्दर्शकाचें नांव ‘बॉब रॉबर्टसन’ असें होतें. हें टोपणनांव नुसतें अमेरिकन दिसावें म्हणून नव्हे. लिओनेचे वडील मूकपटांच्या काळीं ‘रॉबेर्तो रॉबेर्ती’ या नांवानें दिग्दर्शन करीत. तेव्हां रॉबर्टसन म्हणजे रॉबर्टचा पुत्र. पित्याचें ऋण त्यानें असें नांवांतच मान्य केलें. कुरोसावाचें मात्र केलें नाहीं. आकिरा कुरोसावाच्या ‘योजिंबो’ (१९६१) या चित्रपटांतील कथा – एका गांवांत दोन वैरी टोळ्या, आणि दोघांचें मीठ खाऊन दोघांनाही बुडविणारा एक उपरा – लिओनेनें प्रसंगामागून प्रसंग उचलली होती. टोहो कंपनीनें दावा लावला आणि अखेर तडजोड होऊन जपानी पक्षास जगभरच्या उत्पन्नाचा १५ टक्के हिस्सा व जपान वगैरे कांहीं देशांतील वितरणाचे हक्क मिळाले. गोल्दोनीच्या अठराव्या शतकांतील ‘दोन धन्यांचा चाकर’ या नाटकाकडे लिओनेनें बोट दाखविलें. डॅशिएल हॅमेटच्या ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) या कादंबरीचेंही नांव पुष्कळजण घेतात. परंतु दूरचा पूर्वज दाखविल्यानें जवळचा सावकार नाहींसा होत नाहीं. कथानकापुरता हा संवाद प्रतिबिंबवत् आहे, यांत आम्हांस संशय वाटत नाहीं.

तथापि येथें एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाहीं. ‘योजिंबो’त नायकाच्या हातीं तरवार आहे आणि खलनायकाच्या हातीं पिस्तूल. त्या पिस्तुलाला तेथें ऐतिहासिक अर्थ आहे : सामुराईंचें युग सरत आलें, त्याची ती वर्दी आहे. लिओनेच्या वाळवंटांत पिस्तूल घरोघर. म्हणून त्यानें खलनायकाच्या हातीं रायफल दिली. विरोध राहिला, पण दोन युगांचा न राहतां दोन हत्यारांच्या पल्ल्याचा झाला. मुळांतील अर्थ असा गळून पडल्यावर जी पोकळी उरली ती लिओनेनें विलंबानें भरली. कुरोसावाचा नायक क्षणार्धांत वार करून मोकळा होतो. लिओनेचीं माणसें गोळी झाडण्यापूर्वीं एकमेकांकडे पाहत राहतात, आणि पडद्यावर चेहरे, मग नुसते डोळे, एवढेंच उरतें.

हा विलंब हेंच लिओनेचें खरें स्वत्व, आणि तें उत्तरोत्तर वाढत गेलें. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) याच्या शेवटीं कबरस्तानाच्या मध्यभागीं वर्तुळाकार फरसबंदीवर तिघे उभे राहतात. घडतें तें अत्यल्प, पण एन्निओ मॉरिकोनेच्या संगीतावर तें मिनिटेंच्या मिनिटें ताणलें जातें. (हें कबरस्तान स्पेनच्या बुर्गोस प्रांतांत सैनिकांकडून उभारून घेतलेलें कृत्रिम स्थळ. पुढें तें मातीखालीं गेलें. २०१५ पासून हौशी मंडळींनीं तेथील माती उकरून मूळची फरसबंदी मोकळी केली. खोट्या कबरींचें हें खरें उत्खनन आमच्या उत्खननकारांनीं मत्सर करावा अशा निष्ठेनें झालें!) ‘वन्स अपॉन ए टाइम इन द वेस्ट’ (१९६८) याच्या आरंभीं तर तीन मारेकरी स्टेशनावर गाडीची वाट पाहतात, एवढाच प्रसंग आहे. पवनचक्की करकरते, टोपीवर पाणी ठिबकतें, एकाच्या तोंडावर माशी बसते. याच चित्रपटाचें संगीत चित्रीकरणापूर्वींच तयार करून नटांना तें वाजवून दाखवीत. नाट्यशास्त्र जाणणारास यांत नवल वाटूं नये. गति येथें तालाच्या आज्ञेंत आहे. कुरोसावाचा ऋणको चार वर्षांत स्वतःचें भांडवल करून बसला, असें आम्ही म्हणतों तें यामुळें.

आतां वंशविस्तार. सॅम पेकिनपाच्या ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) वर इटालियनांची छाप आहे असें म्हणतात, व पुराव्यादाखल त्यांतील मंदगतीनें कोसळणारीं माणसें दाखवितात. परंतु मंदगतीनें मरणारा माणूस कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) यांत आधींच आहे. दोन पोथ्यांत एकच पाठ सांपडला तर एक दुसरीची नक्कल ठरत नाहीं. दोघींची आदर्शप्रत एक असूं शकते. उलट क्लिंट ईस्टवुडच्या ‘अनफर्गिव्हन’ (१९९२) विषयीं वादाचें कारणच नाहीं. त्याच्या शेवटीं ‘सर्जिओ आणि डॉन’ यांना अर्पण केल्याचें स्पष्ट लिहिलें आहे. डॉन म्हणजे दिग्दर्शक डॉन सीगेल. गंमत अशी कीं, लिखित पुरावा जेथें आहे तेथें बाह्य साम्य फारसें नाहीं. लिओनेच्या चित्रपटांत निश्चिंतपणें माणसें मारणारा हाच नट येथें प्रत्येक हत्येचा भार वाहतो. आम्हांस हा संवाद सर्वांत उंच वाटतो.

दुसरा सर्जिओ, म्हणजे कोर्बुच्ची, याच्यावर समीक्षकांनीं अन्याय केला आहे. त्याच्या ‘जँगो’ (१९६६) मधील चिखलांतून शवपेटी ओढीत येणारा नायक इतका गाजला कीं, कथेशीं कांहीं संबंध नसतां ‘जँगो’ हें नांव लावलेल्या चित्रपटांची रीघ लागली. हा आलेख्यसंवाद : पेटी आली, टोपी आली, आत्मा तुच्छ. परंतु त्याचा ‘द ग्रेट सायलेन्स’ (१९६८) पाहावा. वाळवंटाऐवजीं युटाचें बर्फ, नायक मुका, आणि शेवटीं तो मारला जातो. मारणारे कायद्यानें बक्षिसाचे हक्कदार ठरतात. कायदा व न्याय यांची फारकत याहून निष्ठुरपणें लिओनेनेंही दाखविलेली नाहीं. याचा एक सुखान्त शेवटही चित्रित करून ठेवलेला होता. तो वापरला गेला नाहीं, हें बरें झालें.

शेवट बदलण्याचा योग आपल्याकडील ‘शोले’लाही (१९७५) आला, आणि तेथें तो टळला नाहीं. सेन्सॉरच्या आग्रहामुळें ठाकुराच्या हातून गब्बरचा वध न होतां पोलीस मध्यें आले. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत पांच वर्षें चाललेल्या या चित्रपटाविषयीं ‘सगळें लिओनेचें’ असें म्हणण्याची टूम आहे. कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग ‘वन्स अपॉन ए टाइम इन द वेस्ट’शीं जुळतो हें आम्हीही मान्य करितों : दोहोंत घरची माणसें एकामागून एक पडतात, शेवटीं लहान मुलावर शस्त्र रोखलें जातें, आणि पुढचें दृश्य आगगाडीचें. देह सारखाच. परंतु लिओनेच्या प्रसंगाचें मर्म मारेकऱ्याच्या चेहऱ्यांत आहे. सज्जनांच्या भूमिकांबद्दल प्रसिद्ध असलेला हेन्री फोंडा तेथें बालहत्या करितो, आणि प्रेक्षक थक्क होतो. रमेश सिप्पींनीं भर दिला तो घरीं परतणाऱ्या माणसावर. भेटवस्तू घेऊन आलेला ठाकूर, ओळीनें ठेवलेलीं प्रेतें, वाऱ्यानें उडणारीं त्यांवरचीं वस्त्रें. लिओनेचा विस्मय येथें करुण झाला. रस पालटला तेथें आत्मा पालटला. हा तुल्यदेही संवाद होय, आणि त्यास चोरी म्हणणारांनीं चौथा उद्द्योत एकवार वाचावा.

राहतां राहिला क्वेंटिन टॅरंटिनो. ‘जँगो अनचेन्ड’ (२०१२) मध्यें त्यानें कोर्बुच्चीच्या नायकाचें नांव, लुइस बाकालोव्हचें मूळ शीर्षकगीत आणि मूळ नट फ्रँको नेरो हीं तिन्ही घेतलीं, तींही उघड. कथा मात्र गुलामगिरीची केली. राजशेखरानें काव्यमीमांसेंत मूळ एक पण मांडणी दूरवर भिन्न अशा चौथ्या प्रकारास ‘परपुरप्रवेश’ म्हटलें आहे, तें येथें शोभतें. ‘द हेटफुल एट’ (२०१५) मधील बर्फ पाहून मात्र ‘द ग्रेट सायलेन्स’चें नांव घेण्याची घाई होते. या चित्रपटाच्या संगीताबद्दल मॉरिकोनेला २०१६ सालीं ऑस्कर मिळालें; पण त्यांत त्याचेच कांहीं जुने तुकडे आहेत, आणि ते ‘द ग्रेट सायलेन्स’चे नव्हेत. जॉन कार्पेंटरच्या ‘द थिंग’ (१९८२) साठीं रचून तेथें न वापरलेले ते तुकडे होत. बर्फांत कोंडलेलीं व परस्परांवर संशय घेणारीं माणसें त्या चित्रपटांत आहेत. दोहोंतील प्रमुख नट कर्ट रसेल हाही एकच. तेव्हां या शाखेचें मूळ कोर्बुच्चीकडे न लावतां कार्पेंटरकडे लावावें लागेल.