फितीने मोजलेला दम

आमगाव, देवरी, सालेकसा भागात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसली, की भरतीची तयारी चालू आहे हे सांगावे लागत नाही. सरावाने धाव सुधारते. उंची मात्र सरावाने वाढत नाही, म्हणून तिचा निकष जरा बारकाईने तपासायला हवा.

भूदलात सर्वसाधारण शिपाई (आता अग्निवीर) होण्यासाठी महाराष्ट्रातील मुलाला १६८ सेंमी उंची लागते. आदिवासी उमेदवाराला १६२ चालते, गुरख्याला १५७. ही सवलत योग्यच आहे. पण तिने एक गोष्ट उघड होते. १५७ सेंमीचा गुरखा उत्तम सैनिक ठरतो, तर सालेकशाचा १६६ सेंमीचा बिगर-आदिवासी मुलगा का नाही? हे आकडे शरीरशास्त्रातून आलेले नाहीत, त्या त्या प्रदेशातील सर्वसाधारण उंचीवरून आलेले आहेत. आणि उंची आनुवंशिकतेबरोबरच पहिल्या दोन-तीन वर्षांतील आहारावर व आजारांवरही अवलंबून असते. अठराव्या वर्षी लावलेली फीत बालपणीचे ताटही मोजते!

छातीचे तसेच. ७७ सेंमी छाती श्वास घेतल्यावर ५ सेंमी फुगली पाहिजे. परंतु खोल श्वासातील बरीच हवा श्वासपटल खाली सरकल्याने आत येते, आणि ते छातीवरच्या फितीला दिसत नाही. उंचीबरोबर फुप्फुसांची धारणक्षमता वाढते, हे जॉन हचिन्सनने १८४६ साली दाखवले होते. तरीही निरोगी माणूस धावताना थकतो तो बहुधा फुप्फुसे अपुरी पडल्याने नव्हे. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते आणि स्नायू त्यातला किती प्राणवायू वापरतात, यावर दम ठरतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत महिलांची छाती मोजत नाहीत, धाव मात्र घेतात. त्यांचे काही अडलेले दिसत नाही.

१६०० मीटर साडेपाच मिनिटांत, म्हणजे ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटर. ही खरी कसोटी. ओझे व खंदक यांचा विचार सैन्याला करावा लागतो हे मान्य. पण ओझे उचलायला लावून पाहता येते.

आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या छातीचा फुगवटा आणि १६०० मीटरची वेळ आलेखावर मांडून पाहा. बिंदू एका रेषेत येतात की विखुरतात, ते मुलांनाच ठरवू द्या. धाव सकाळी, पाणी पाजून घ्यावी. आपल्या भागात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. अमेरिकी सैनिकांवरील २०१६ च्या अभ्यासात वाहकांचे मृत्यू अधिक आढळले नाहीत, परंतु अतिश्रमाने स्नायूंना इजा होण्याचे प्रमाण दीडपट होते. दमलेल्या मुलाला पुढे रेटू नये.