स्वयंसेवी ज्ञानकोशातील हितसंबंध आणि मराठी वाक्याचा लुप्त कर्ता

ज्ञानकोशात स्वतःविषयी अथवा स्वतःच्या संस्थेविषयी स्वतःच लिहावे की नाही, हा प्रश्न मराठीला अगदीच अपरिचित आहे असे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले, तेव्हा संपादकही तेच, चालकही तेच आणि वर्गणीदार मिळविण्याची खटपट करणारेही तेच होते. कोश खपण्यात त्यांचा हितसंबंध होता. तो त्यांनी लपविला नाही, उलट त्या उद्योगाची हकीकत 'माझे बारा वर्षांचे काम' ह्या पुस्तकात आपल्याच नावाने लिहून ठेवली. आपण कोणाशी वाद घालीत आहोत, हे वाचकाला ठाऊक होते. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी नोंदलेखकाचे नाव छापण्याची पद्धत राहिली. 2003 साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात लेखाखाली नाव नसते. 'इतिहास' ह्या पानावर प्रत्येक बदलाची नोंद राहते हे खरे. परंतु ती बहुधा टोपणनावाखाली असते, आणि सामान्य वाचक त्या पानाकडे फिरकत नाही.

ह्या व्यवस्थेत हितसंबंधांविषयी जो संकेत रूढ झाला आहे तो थोडक्यात असा: ज्याचा विषयाशी आर्थिक, कौटुंबिक वा संस्थात्मक संबंध आहे त्याने लेखात थेट हात न घालता चर्चापानावर सूचना मांडावी, आणि मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने ते उघड करावे. ही दुसरी गोष्ट 2014 पासून विकिमीडिया प्रतिष्ठानच्या वापरविषयक शर्तींचाच भाग झाली आहे. संकेत पाळणे किती अवघड आहे, ह्याची साक्ष खुद्द संस्थापकांनीच दिली. जिमी वेल्स यांनी स्वतःवरील लेखात, संस्थापनेचे श्रेय लॅरी सँगर यांच्याबरोबर वाटून घेणारा मजकूर बदलल्याचे 2005 साली उघडकीस आले. 2015 साली इंग्रजी आवृत्तीत मोबदल्याच्या लेखनासाठी वापरलेली 381 खाती एकाच वेळी बंद करावी लागली.

आत्मप्रशंसा ओळखायची कशी? प्रचलित उत्तर विशेषणांकडे बोट दाखविते. 'सुप्रसिद्ध', 'ख्यातनाम', 'अग्रगण्य', 'अष्टपैलू' असे शब्द दिसले की लेखाकडे संशयाने पाहावे, असा प्रघात आहे. इंग्रजी आवृत्तीच्या लेखनसंकेतांत तर अशा शब्दांना मोराच्या पिसाऱ्याची उपमा दिली आहे. उपमा चांगली आहे. पण पिसारा फुलवून येणारा मोर पकडणे सोपे असते, आणि त्याला पकडल्याने फार काही साधत नाही. विशेषण खोडले की लेख शुद्ध झाला अशी समजूत होते, आणि ज्याने विशेषण घातले तो पुढच्या खेपेस अधिक सावधपणे लिहितो.

भारतातले सर्वांत बोधप्रद प्रकरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट ह्या संस्थेवरील इंग्रजी लेखावर एका प्रचालकाचा अनेक वर्षे वावर होता. त्याच्या लेखनात स्तुतीची विशेषणे शोधू जाता हाती फारसे काही लागले नसते. प्रतिकूल मजकूर आणि त्याचे आधार वगळणे, संदर्भांचा अर्थ सोयीने लावणे, आणि ते करताना कोशाच्याच नियमांचा दाखला देणे, ही त्याची रीत होती. फेब्रुवारी 2015 मध्ये लवाद समितीने त्याच्यावर बंदी घातली. हितसंबंध प्रथम आपला वावर वाक्यात काय नाही ह्यातून दाखवितो. काय आहे ह्यातून नंतर. वाक्यात काय नाही हे पाहण्याचा अभ्यास भाषाशास्त्राला आहे, म्हणून ह्या प्रश्नाची दखल आमच्या विषयाने घ्यावी असे मला वाटते.

मराठीत हे गाळणे अतिशय सुलभ आहे. '-ण्यात येणे' ही रचना घ्या. 'त्यांना जीवनगौरव पुरस्काराने सन्मानित करण्यात आले.' वाक्य निर्दोष आहे, विशेषणमुक्त आहे, आणि त्यात पुरस्कार देणारा नाही. कोणी दिला? देणारी संस्था कोणाची? तिचा अध्यक्ष पुरस्कार घेणाऱ्याचा व्याही तर नव्हे? ही रचना कर्त्याचा उल्लेख करू देत नाही असे नाही. 'अमुक संस्थेकडून', 'अमुक मंडळातर्फे' असे म्हणता येते. परंतु तो उल्लेख ऐच्छिक आहे, आणि न केल्यास वाक्य अपुरे वाटत नाही. साध्या क्रियापदाच्या वाक्यात तसे होत नाही. 'सन्मान केला' एवढेच म्हणून थांबले तर ऐकणारा लगेच 'कोणी?' असे विचारतो. मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणापासून (1911) आपल्याकडे प्रयोगविचाराची चर्चा बरीच झाली आहे, पण ती बहुतांशी रूपांची आणि अन्वयाची. प्रयोगाची निवड कोणाच्या सोयीची असते, हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा समजला गेला. ही रचना आज इतकी सहज झाली आहे त्याचे श्रेय शासनव्यवहाराच्या भाषेला द्यावे लागेल. 'सूचित करण्यात येते', 'मान्यता देण्यात येत आहे' ह्या वाक्यांत अधिकारी स्वतः दिसत नाही, आणि दिसू नये हीच त्या भाषेची अपेक्षा असते.

अंबडचेच उदाहरण घेतो. हे नाशिकचे अंबड; जालना जिल्ह्यातील, मत्स्योदरी देवीचे अंबड निराळे. दोहोंची गल्लत टाळणे हे कोशकाराचे पहिले काम, आणि ते सोपे आहे. पुढचे वाक्य मात्र अवघड आहे. 'येथे औद्योगिक वसाहत उभारण्यात आली. त्यासाठी जमिनी संपादित करण्यात आल्या.' कोशात हे वाक्य शोभून दिसेल; त्यात आत्मप्रशंसा शोधूनही सापडणार नाही. आता कर्ते परत आणून पाहावेत. 1962 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसाहत उभारली. जमिनी कोणाच्या होत्या, मोबदला किती आणि केव्हा मिळाला, संपादनापूर्वी तेथे कोणते पीक होते, कारखान्यांत कामाला कोण लागले? कर्ता आणि संबंधषष्ठी परत आल्याबरोबर प्रत्येक वाक्य पुरावा मागू लागते. लिहिणारा कारखानदार असो, कामगार संघटनेचा कार्यकर्ता असो, की ज्याची जमीन गेली त्या शेतकऱ्याचा नातू असो, तिघांचाही ह्या नोंदीशी हितसंबंध आहे. फरक एवढाच की पहिल्याला कर्ता गाळण्यात सोय आहे आणि उरलेल्या दोघांना तो लिहिण्यात. म्हणून तटस्थ वाटणारे अकर्तृक वाक्य वास्तविक तटस्थ नसते. ते तिघांपैकी एकाचे असते.

येथे एका चुकीच्या मार्गाचा उल्लेख केला पाहिजे. आदरार्थी बहुवचन हेच पक्षपाताचे लक्षण आहे, त्यामुळे कोशात सर्वांना एकेरी लिहावे, असे मत अधूनमधून मांडले जाते. मला ते पटत नाही. मराठीत परक्या वयस्क व्यक्तीविषयी बहुवचन ही सामान्य अवस्था आहे, आणि एकेरी ही विशेष अवस्था आहे. मग ती जवळिकीची असो, भक्तीची असो वा तुच्छतेची. आपण तुकारामांना बहुवचनात बोलतो आणि विठ्ठलाला एकेरीत, त्यात कोणाचा मान कमी होत नाही. जिवंत व्यक्तीला मुद्दाम एकेरी लिहिणे हेच उलट एक विधान होईल. 'मा.', 'ह. भ. प.', 'समाजभूषण' अशा उपाध्यांची गोष्ट वेगळी. त्या गाळाव्यात हे योग्यच. पण बहुवचनामागे लागून शोधकांनी आपला वेळ दवडू नये.

ह्याहून गंभीर अडचण संदर्भांची आहे. स्वतंत्र, प्रकाशित साधनांत ज्याची दखल घेतली गेली आहे तोच विषय उल्लेखनीय, असा कोशाचा दंडक आहे. हा दंडक मुद्रित शब्दाच्या स्वातंत्र्यावर विसंबलेला आहे. महाराष्ट्रात 2009 च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात, पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमी म्हणून वाचकांपुढे आला ह्या आक्षेपाची मोठी चर्चा झाली. पुढे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने देशभरातील अशा प्रकारांचा शोध घेतला. निवडणुकीतच जर असे घडू शकते, तर वाढदिवसाची पुरवणी, अमृतमहोत्सवी गौरवग्रंथ, शाळेची स्मरणिका ह्यांना 'स्वतंत्र साधन' कोणत्या अर्थाने म्हणावे? गौरवग्रंथ मी त्याज्य मानीत नाही. माणसाचा जन्म, शिक्षण, ग्रंथसूची ह्यांसाठी पुष्कळदा तोच एकमेव आधार असतो. परंतु त्यातील मूल्यविधाने कोशात शिरताना आपल्याबरोबर सत्कारसमितीचे नाव घेऊन आली पाहिजेत. आणि नेमके तेच नाव '-ण्यात आले' ह्या रचनेत गळून पडते.

असे सर्व असूनही, ज्यांचा विषयाशी संबंध आहे त्यांना सरसकट दूर ठेवणे इंग्रजीसारख्या मोठ्या आवृत्तीला परवडते. मराठीला ते परवडणार नाही. येथे नियमित लिहिणारे थोडे आहेत. गावाविषयी गावकरी लिहितो, संप्रदायाविषयी अनुयायी, बोलीविषयी ती बोलणारा, आणि प्राध्यापकाविषयी त्याचा विद्यार्थी. हे लोक लिहिणार नाहीत तर ती पाने कोरी राहतील. चावडीवर होणाऱ्या वादांत ही बाजू पुरेशी मांडली जात नाही; 'पानकाढा' हा साचा लावणे एका क्षणाचे काम आहे, आणि त्या क्षणात एखादा नवखा लेखक कायमचा निघून जातो.

विद्यापीठीय विभागांचा ह्यात सरळ संबंध येतो. मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने महाविद्यालयांतून ज्ञानकोशलेखनाच्या कार्यशाळा भरतात. विद्यार्थ्याला विषय सुचत नाही; शिक्षक समोर असतो; आणि संध्याकाळपर्यंत महाविद्यालयाची, प्राचार्यांची, विभागप्रमुखांची नोंद तयार होते. तो विद्यार्थी लबाड नसतो. त्याला जे जवळ आहे ते त्याने लिहिले, आणि ज्याचे गुण त्याच्या हाती आहेत त्याच्याविषयी लिहिले. येथे प्रकटीकरणाची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे आहे, कारण हितसंबंध शिक्षकाचा आहे. पुढे हीच नोंद एखाद्या प्रबंधात संदर्भ म्हणून येते, आणि प्रबंध नोंदीत. दोन्ही एकमेकांना आधार देतात आणि दोहोंच्या खाली जमीन नसते.

म्हणून कार्यशाळेसाठी मी दोन गोष्टी सुचवीन. आपल्या संस्थेतील सेवेत असलेल्या व्यक्ती हा विषय कोणालाही देऊ नये. त्याऐवजी परिसरातील ओढे, बाजार, बंद पडलेले कारखाने, बोलीतील शेतीचे शब्द असे विषय द्यावेत. आणि नोंद जतन करण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक '-ण्यात आले' आणि '-ण्यात येते' खाली रेघ ओढून विद्यार्थ्याने त्या क्रियेचा कर्ता समासात लिहावा. कर्ता सापडला तर तो वाक्यात घ्यावा. सापडला नाही तर ते वाक्य नोंदीत न ठेवता चर्चापानावर प्रश्न म्हणून मांडावे, आणि त्याखाली आपले नाते स्पष्ट सांगावे: मी ह्या गावचा आहे, माझे वडील ह्या कारखान्यात होते, ह्या संस्थेत मी शिकतो.