अर्ध्या मार्काची आजी

गेली वीस वर्षे मी बँकेच्या काउंटरवर लोकांचे इंग्रजी वाचतो आहे. चेकवर अक्षरी रक्कम लिहिताना माणूस जेवढा गंभीर असतो तेवढा तो बोहल्यावरही नसतो. तरी चाळीस हजारांचा चेक असला की 'फोर्टी'त 'यू' घुसतोच. घुसणारच! 'फोर'मध्ये यू आहे, 'फोर्टीन'मध्ये आहे. 'फोर्टी'तून त्याचीच बदली का झाली, देव जाणे. मी असा चेक निमूट पास करतो. चाळीस म्हणजे किती, याबद्दल ना खातेदाराला शंका, ना मला. मात्र आकड्यात चाळीस आणि अक्षरांत चौदा असेल, तर चेक परत! अशा वेळी अक्षरे खरी मानावीत, असे १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणतो. पण आम्ही जोखीम घेत नाही. म्हणजे चुका आम्हीही धरतो, पण अर्थ बदलणाऱ्या.

सहामाहीनंतर आमच्या सातवीतल्या कन्येचा इंग्रजीचा पेपर सहीसाठी माझ्यापुढे आला. निबंध होता आजीवर, आणि लाल शाई इतकी की आजीचे ऑपरेशन झाल्यासारखे वाटावे. 'स्टोरीज'चे स्पेलिंग चुकले, अर्धा मार्क. तीच चूक आणखी दोनदा, पुन्हा अर्धा-अर्धा. एकाच थकलेल्या हप्त्यावर तीनदा दंड आमची बँकसुद्धा लावत नाही! अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या शब्दकोशात 'कलर' यूशिवाय छापला, तर तो थोर ठरला. कन्येने लिहिला, तर अर्धा मार्क गेला. पण त्याच निबंधात एक वाक्य होते: 'वीज गेली की आजी गोष्ट सांगते, आणि वीज आली तरी थांबत नाही.' 'टेल'ला 'एस' नव्हता. वाक्याची कमाई: उणे अर्धा. एकूण दहापैकी चार.

बाईंना तरी काय बोलणार? समोर साठ पेपरांचा गठ्ठा. स्पेलिंग मोजता येते, आजी कशी मोजणार? पण मी कॉमर्सचा माणूस. खात्याला नावे बाजू असते तशी जमा बाजूही असते, एवढे मला कळते. सांगितले काय, ते आधी जमा करा; मग एक चूक एकदाच नावे टाका, आणि अर्थ बिघडवणारीला जास्त कापा. एवढे केले तरी हिशेब जुळेल.

पेपराखाली मराठीत शेरा होता, 'शुध्दलेखनाकडे लक्ष द्यावे.' त्यातल्या 'शुद्ध'मध्ये 'द'ला 'ध' जोडायचा, तो उलटा जोडला होता. अर्थ पोचला होता, म्हणून मी तोही पास केला आणि खाली सही ठोकली.

वार्षिक परीक्षेत निबंध आला कुटुंबावर. कन्येला दहापैकी आठ! सौ.ने शिरा केला. आजीने कौतुकाने विचारले, "माझ्याबद्दल काय लिहिलंस गं?"

कन्येने सांगितले, "आजी म्हातारी आहे. आजी चांगली आहे. मला आजी आवडते."

"एवढंच? आणि माझ्या गोष्टी?"

"अगं आजी," कन्या शिऱ्याचा घास गिळत म्हणाली, "त्याचं स्पेलिंग चुकतं ना!"